प्लेटिंगच्या पाण्यात उरलेलं निकल-तांबं स्टार्चनं कसं पकडायचं

आमच्या प्लेटिंग शॉपच्या ईटीपीतलं (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमधलं) पाणी कॉस्टिक सोडा मारून, गाळ बसवून वरनं काढलं की काचेसारखं दिसायचं. मग एकदा लॅबचा रिपोर्ट आला, निकल ७.८ पीपीएम, म्हणजे लिटरला ७.८ मिलिग्रॅम. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला आपल्याकडे हद्द आहे ३ ची, तांब्यालाही ३, जस्ताला ५, शिशाला ०.१ आणि हेक्सा क्रोमलाही (सहा-वाला, विषारी क्रोम) ०.१, आणि यातलं काहीच डोळ्याला दिसत नाही. भोसरीतले ओढे-नाले पुढं इंद्रायणीला नाहीतर पवनेला मिळतात, आळंदीला पाण्यावर फेस आला की बातमी होते कारण तो दिसतो, निकलचा फेस होत नाही. त्या रिपोर्टनंतर मी या विषयाच्या मागं लागलो आणि भाचीच्या एमएस्सीच्या प्रोजेक्टमुळं कॉलेजच्या लॅबमध्ये बरंच काही हातानं करून बघता आलं, ते इथं सविस्तर लिहितोय. छोटा प्लेटिंगवाला, ईटीपी सांभाळणारा ऑपरेटर, केमिस्ट्रीचा प्रोजेक्ट करणारी मुलं, कुणालाही उपयोगी पडावं.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. स्टार्च हे शेवटच्या काही पीपीएमसाठी आहे. १०० पीपीएमचं पाणी सरळ स्टार्चवर टाकलंत तर पैसे पाण्यात जातील, का ते पुढं हिशोबात दाखवतो.

द्राक्षवाल्यांना हे लगेच कळेल. बोर्डो हे बुरशीचं औषध करताना मोरचुदाच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की निळा लगदा तयार होतो, आणि चुना पुरेसा पडला का ते बघायला विळा नाहीतर लोखंडी सळई बुडवतात, तिच्यावर तांबूस थर चढला तर तांबं अजून मोकळं आहे, चुना वाढवा. ईटीपीत कॉस्टिक मारून आपण तेच करतो, धातूचा हायड्रॉक्साइड करून गाळात बसवतो. अडचण अशी की प्रत्येक धातूचा बसायचा पीएच वेगळा. तीन-वाला क्रोम साधारण ८ च्या आसपास बसतो, तांबं ८-९ ला, जस्त ९ च्या थोडं वर, आणि निकलला लागतो १० ते १०.५. एवढा पीएच नेला तर क्रोम आणि जस्त परत विरघळायला लागतात, शिवाय सोडायच्या पाण्याचा पीएच ९ च्या आत पाहिजे म्हणून परत अ‍ॅसिड मारा. त्यात बाथमध्ये (प्लेटिंगच्या टाकीतल्या द्रावणात) अमोनिया किंवा ईडीटीएसारखी धातूला धरून ठेवणारी केमिकल असतील तर कितीही कॉस्टिक घाला, थोडा धातू पाण्यात राहतोच. हा जो उरलेला धातू आहे ना, तो स्टार्चनं पकडायचा.

आता साधं स्टार्च टाकलं तर चालेल का, भाताची पेज टाकली तर, असं मला दोघांनी विचारलंय. नाही चालत. साध्या स्टार्चला धातूची पकड जवळपास नाही, आणि ते गरम पाण्यात, अल्कलीत फुगतं-विरघळतं, म्हणजे धातू तर जाणार नाहीच, वर पाण्याचा सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) वाढेल. म्हणून स्टार्चमध्ये दोन बदल करावे लागतात. एक, त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधायच्या म्हणजे ते विरघळणार नाही आणि गाळून काढता येईल. दोन, त्यावर धातूला धरणारे हात लावायचे.

हे हात कुठले त्यावर दोन मुख्य प्रकार पडतात. पहिला झँथेट. हा १९७० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या पिओरियाच्या सरकारी शेती संशोधन लॅबमध्ये तयार झाला, मक्याला नवीन गिऱ्हाईक शोधायचं म्हणून तिथं स्टार्चवर कामं चालायची. (दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर काढायची पद्धत बसवली ती याच लॅबनं.) स्टार्च आधी एपिक्लोरोहायड्रिननं बांधायचं, मग कॉस्टिकमध्ये कार्बन डायसल्फाइडबरोबर रिअ‍ॅक्शन, मग टिकावं म्हणून मॅग्नेशियमचं मीठ. गंधकाचे हात असल्यामुळं याची पारा, तांबं, शिसं यांच्यावर पकड जबरदस्त, कॅडमियमवरही चांगली, निकल आणि जस्तावर त्याहून कमी, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमला हे फारसं विचारतच नाही, त्यामुळं बोअरचं जड पाणी असलं तरी चालतं.

हे शॉपमध्ये बनवू नका. कळकळीनं सांगतो, व्हिडिओ बघून प्रयत्न करू नका. कार्बन डायसल्फाइड ४६ डिग्रीला उकळतं आणि त्याची वाफ १०० डिग्रीच्या आसपासच्या गरम पृष्ठभागावर ठिणगीशिवाय पेट घेते, म्हणजे वाफेचा गरम पाइपसुद्धा पुरतो. नुसती वाफ छातीत गेली तरी मज्जासंस्थेला विषारी. एपिक्लोरोहायड्रिन कॅन्सरच्या संशयितांच्या यादीत आहे. हे काम फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढणारं कपाट) असलेल्या लॅबचं किंवा केमिकल कंपनीचं. आपण तयार माल घ्यायचा, मागवताना किती मिलिइक्विव्हॅलंट प्रति ग्रॅम क्षमता आहे (१ ग्रॅम माल किती धातू धरू शकतो त्याचं माप) ते लिहून मागायचं, आणि आल्यावर कोरड्या, गार जागी ठेवायचा, कारण झँथेट गरमीत हळूहळू मोडतं. डबा उघडल्यावर सडक्या कोबीसारखा भपकारा आला तर माल उतरलाय असं समजा आणि वापरण्याआधी परत जार टेस्ट (बरण्यांत वेगवेगळे डोस टाकून बघायची चाचणी, पुढं सांगतो) घ्या.

दुसरा प्रकार सायट्रेट स्टार्च, आणि हा मला मनापासून आवडतो, कारण एकच स्वस्त वस्तू दोन्ही कामं करते. लिंबूसत्त्व. सायट्रिक अ‍ॅसिडला तीन कार्बोक्सिल हात असतात. तापवलं की त्यातनं पाणी निघून अ‍ॅनहायड्राइड होतो, तो स्टार्चच्या साखळीला चिकटतो, काही ठिकाणी दोन साखळ्यांना जोडतो, आणि जे हात मोकळे राहतात ते धातू पकडतात. विषारी वायू नाही की सॉल्व्हंट नाही. पकड झँथेटपेक्षा सौम्य आहे आणि जड पाण्यातलं कॅल्शियम याच्या जागा अडवतं, हे दोन तोटे.

बनवायची पद्धत अशी. १०० ग्रॅम मक्याचं स्टार्च घ्या, म्हणजे किराणा दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळतं ते पांढरं, बोटांत कुरकुरणारं. पिवळं मक्याचं पीठ नको, त्यात प्रोटीन आणि तेल असतं, आणि कस्टर्ड पावडर तर अजिबात नको. ४० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड थोड्या पाण्यात विरघळवा, त्यात थेंबाथेंबानं कॉस्टिकचं पाणी घालून पीएच ३.५ ला आणा आणि एकूण १०० मिलि करा. गॉगल आणि ग्लोव्हज घालूनच, हे मिश्रण चांगलं तापतं. पीएच ३.५ का? त्याहून आंबट ठेवलं तर ओव्हनमध्ये अ‍ॅसिड स्टार्चच्या साखळ्याच तोडतं आणि धुताना अर्धा माल वाहून जातो.

हे पाणी स्टार्चमध्ये नीट कालवा, ट्रेमध्ये पसरा, रात्रभर झाकून ठेवा म्हणजे कणाच्या आतपर्यंत मुरेल. दुसऱ्या दिवशी ५० डिग्रीला पूर्ण वाळवा, आणि ही पायरी गाळू नका, ओलं असतानाच तापमान चढवलं तर स्टार्च शिजून चिकट लापशी होते. खडखडीत वाळलं की खलबत्त्यात बारीक करा, एक सेंटीमीटरपेक्षा कमी जाडीचा थर पसरा आणि १४० डिग्रीला सहा-सात तास ठेवा, मधेमधे हलवत. लॅबचा हॉट एअर ओव्हन घ्या, स्वयंपाकघरातला नको. आमचा पहिला घाणा ओव्हनचा काटा १७० वर गेल्यामुळं तपकिरी झाला, साखर करपल्याचा वास लॅबभर, आणि पकडही कमी आली. फिकट बदामी रंग बरोबर.

मग धुणं. भरपूर पाण्यात ढवळा, बसू द्या, वरचं पाणी ओता, परत पाणी. न चिकटलेलं सायट्रिक अ‍ॅसिड पूर्ण जायला पाहिजे कारण मोकळं सायट्रेट स्वतःच धातूला धरून पाण्यात ठेवतं, म्हणजे नेमकं उलटं काम होईल. पीएच पट्टी ६ च्या वर आली की खाण्याच्या सोड्याचं २ टक्के पाणी घालून अर्धा तास ढवळा, बुडबुडे येतील, ते थांबेपर्यंत. यानं मोकळे हात सोडियमच्या रूपात येतात. हे का करायचं, तर हात आंबट रूपात असले की एकेका धातूच्या बदल्यात पाण्यात अ‍ॅसिड सुटतं, पीएच घसरतो आणि थोड्या वेळात पकडणंच बंद होतं. सोड्यानंतर परत स्वच्छ पाण्यानं पट्टी ७ ला येईपर्यंत धुवा, ५०-६० डिग्रीला वाळवा, बंद बरणीत भरा. जास्त माल करत असाल तर चाळताना आजूबाजूला गॅस, शेगडी, ग्राइंडिंगच्या ठिणग्या नकोत, हवेत उडालेल्या स्टार्चच्या धुरळ्याचा भडका होऊ शकतो.

जमलं का ते तपासायला मशीन लागत नाही. उकळत्या पाण्यात एक चमचा साधं कॉर्नफ्लोअर टाका, साडीला घालतो तशी खळ होईल. दुसऱ्या भांड्यात आपला माल टाका. त्याची खळ होता कामा नये, पाणी पातळ राहून पावडर तळाला बसली पाहिजे. मग १ ग्रॅम मोरचूद १ लिटर पाण्यात विरघळवा, यात साधारण २५४ पीपीएम तांबं असतं, त्यातलं १०० मिलि काचेच्या ग्लासात घेऊन एक चमचा माल टाकून अर्धा तास ढवळा. तळाला बसलेली पावडर निळसर होते आणि वरच्या पाण्याचा निळेपणा उतरतो. भाचीनं ग्लास खिडकीत पांढऱ्या कागदावर ठेवला होता, शेजारी नुसत्या मोरचुदाचा ग्लास, आणि दोघांतला फरक दिसल्यावर आम्ही दोघंही कितीतरी वेळ तिथंच उभे होतो.

आता जार टेस्ट. तुमच्या पाण्याचा डोस दुसऱ्या कुणाच्या आकड्यावरनं काढू नका, प्रत्येक शॉपचा बाथ वेगळा, ब्राइटनर (चकाकीसाठी बाथमध्ये घालायचं केमिकल) वेगळा. सहा बरण्या घ्या, प्रत्येकीत ५०० मिलि पाणी, डोस लिटरला ०, ०.२, ०.५, १, २, ४ ग्रॅम. माल कोरडा फेकू नका, गोळे होऊन वर तरंगतो, आधी थोड्या पाण्यात पिठल्याच्या बेसनासारखा गुठळ्या मोडून कालवा आणि मग ओता. अर्धा तास ढवळा, अर्धा तास बसू द्या, वरचं पाणी बारीक फिल्टर पेपरमधनं गाळा, मग नायट्रिक अ‍ॅसिडचे थेंब टाकून पीएच २ च्या खाली नेऊन प्लास्टिकच्या बाटलीत लॅबला पाठवा. आधी गाळणं आणि मग अ‍ॅसिड, हा क्रम उलटा झाला तर स्टार्चनं धरलेलं अ‍ॅसिडमध्ये सुटून परत पाण्यात येतं आणि रिपोर्ट खराब दिसतो.

शून्य डोसची बरणी कधीच वगळू नका. आम्ही पहिल्यांदा वगळली होती. सायट्रेट स्टार्च घातलेल्या बरण्यांमध्ये तांबं मस्त उतरलेलं दिसलं, आठवडाभर आनंदात होतो. नंतर लक्षात आलं की माल नीट धुतला नव्हता, आत राहिलेल्या सोड्यानं पीएच ५ वरनं ७.५ ला गेला होता आणि बरंचसं तांबं हायड्रॉक्साइड होऊन आपोआप बसलं होतं, स्टार्चचा त्यात वाटा थोडाच. तेव्हापासून शून्यवाल्या बरणीचा पीएचही बाकीच्यांइतकाच करून ठेवतो, आणि शेवटी सगळ्या बरण्यांचा पीएच परत मोजून वहीत लिहितो. दोन रिपोर्टमधला फरक म्हणजे स्टार्चचं खरं काम.

पकड काढायचा हिशोब सोपा आहे. समजा लिटरला १ ग्रॅम टाकून धातू २५ वरनं ५ पीपीएमवर आला, शून्यवाल्या बरणीत २५ च राहिला, तर १ ग्रॅमनं २० मिलिग्रॅम धरलं. सायट्रेट स्टार्चला तांब्या-शिशासाठी पीएच ५ ते ६ बरा पडतो, ३ च्या खाली अ‍ॅसिड स्वतःच सगळे हात अडवून बसतं. झँथेट ३ च्या खाली मोडतं आणि कार्बन डायसल्फाइड सोडतं, म्हणून ते ७ च्या वर वापरायचं, आंबट पाण्यात कधीच टाकायचं नाही.

शॉपमध्ये प्रत्यक्ष करताना पाणी आधी वेगळं करा, अर्ध्याहून जास्त काम तिथंच होतं. सायनाइडचा बाथ असेल तर त्याचं रिन्स (जॉब धुतलेलं पाणी) स्वतंत्र लाइननं, पीएच १० च्या वर ठेवून सोडियम हायपोक्लोराइटनं सायनाइड मोडायचं, आणि त्या पाण्याला अ‍ॅसिडचा थेंबही लागू द्यायचा नाही, जो गॅस सुटतो तो माणूस मारतो. क्रोमचं पाणीही वेगळं. हेक्सा क्रोम ऋण भाराचा आयन आहे, सायट्रेट स्टार्च त्याला धरतच नाही, म्हणून पीएच २ ते ३ ला मेटाबायसल्फाइट घालून पिवळ्याचं हिरवं होईपर्यंत तीन-वाला करून घ्यायचा, खिडक्या उघड्या ठेवून कारण नाकात झोंबणारा गॅस येतो, आणि मग नेहमीसारखा कॉस्टिकनं बसवायचा.

जॉब बाथमधनं बाहेर काढल्यावर दहा-पंधरा सेकंद बाथवरच निथळू द्या. एवढ्यानंसुद्धा रिन्समध्ये जाणारा धातू खूप कमी होतो आणि निकल सल्फेटचे पैसे वाचतात. यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही.

मग मिश्र पाणी पहिल्या टाकीत, कॉस्टिकनं पीएच ९ च्या आसपास, पॉली (गाळाचे कण एकत्र आणणारं पॉलिइलेक्ट्रोलाइट) घालून गाळ बसवायचा. पुढं सायट्रेट स्टार्च वापरणार असाल तर चुन्याऐवजी कॉस्टिकच घ्या, चुन्यातलं कॅल्शियम जागा खातं हे वर सांगितलंच. वरचं नितळ पाणी दुसऱ्या टाकीत घ्या, गाळाचा ढग सोबत येऊ देऊ नका, आणि तिथं स्टार्च.

१००० लिटरचा झँथेटचा हिशोब मांडून दाखवतो. माल १.२ मिलिइक्विव्हॅलंटचा आहे असं धरा. निकलचा १ मिलिइक्विव्हॅलंट म्हणजे साधारण २९ मिलिग्रॅम, म्हणजे १ ग्रॅम माल कागदावर ३५ मिलिग्रॅम निकल धरतो. पाण्यात ८ पीपीएम निकल, १००० लिटरला ८ ग्रॅम, म्हणजे माल लागेल २३० ग्रॅमच्या आसपास. निकलवरची पकड कमी असल्यामुळं दुप्पट धरा, अर्धा किलो. तेच पाणी कॉस्टिक न मारता १०० पीपीएमला आणलं असतं तर कागदावरच जवळजवळ ३ किलो, आणि प्रत्यक्षात सहा. सुरुवातीला पैसे पाण्यात जातील म्हटलं ते हे. आधी कॉस्टिकनं ओझं उतरवा, मग स्टार्च घाला.

टाकीत ढवळणं सावकाश पण सतत, ४५ मिनिटं ते तासभर. झँथेटवर तांबं बसलं की गाळ पिवळसर-तपकिरी होतो. बसायला वेळ लागत नाही, आणि हायड्रॉक्साइडच्या जेलीसारख्या लगद्यापेक्षा हा फिल्टर प्रेसमधनं फार बरा निघतो, केक कोरडा पडतो, कापड चोंदत नाही. साध्या बॅग फिल्टरनंही भागतं. शेवटी पीएच बघा, नमुना काढा, रिपोर्ट येईपर्यंत पाणी धरून ठेवता आलं तर धरा, पहिले दोन-तीन बॅच तरी धराच.

सायट्रेट स्टार्च परत वापरता येतं. पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडनं, ०.१ नॉर्मलच्या आसपास, अर्धा तास धुतलं की धातू सुटतो, मग परत सोडा, परत पाणी. दर फेरीला थोडी पकड कमी होते ती जार टेस्टमध्ये कळते. सुटलेलं अ‍ॅसिडचं पाणी आता धातूनं भरलेलं आहे, ते पहिल्या टाकीत टाका, गटारात नाही. झँथेटचं असं करू नका, अ‍ॅसिड लागलं की ते मोडतं, ते एकदाच वापरायचं.

आणि वापरलेला माल. हा धोकादायक कचऱ्यातच मोडतो, प्लेटिंगच्या गाळासारखाच, २०१६ च्या नियमांप्रमाणं वहीत नोंद, लेबल, ९० दिवसांच्या आत अधिकृत ठिकाणी, आपल्या बाजूला रांजणगाव, मुंबईकडं तळोजा, नागपूरकडं बुटीबोरी. याच्या जोडीला एक धोका असा आहे जो हायड्रॉक्साइडच्या गाळाला नाही. हे दिसायला पीठ आहे, मुळात धान्याचंच आहे. ओलं राहिलं तर दोन दिवसांत बुरशी येते, आंबूस वास सुटतो, आणि उघड्या गोणीत ठेवलं तर उंदीर, शेळ्या, मोकाट गाई त्याला तोंड लावतात. शॉपच्या मागं गोणी टेकवून ठेवायची आपल्याकडं सवय आहे, ती इथं चालणार नाही. उन्हात नको, सावलीत पत्र्याखाली ट्रेमध्ये वाळवा, वर जाळी ठेवा, आणि वाळलं की झाकणाला रिंग असलेल्या ड्रममध्ये भरून रिंग आवळा. ड्रमवर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहा की हे पीठ नाही, विष आहे, आणि खाली धातूचं नाव आणि भरल्याची तारीख टाका.